ओळखीतली जुनी गाडी घेतोय, इतिहास कसा तपासू?

अर्धाकप
मंडळी, आयुष्यातली पहिली गाडी घेतोय आणि तीही सेकंडहॅन्ड, तेव्हा जाणकारांनी प्रकाश टाकावा. राहतो वाकडला, बायकोचं ऑफिस मगरपट्ट्यात, घरात आठ महिन्यांचं बाळ. बजेट ओढूनताणून पाच लाख.

गाडी चालून आली आहे. सासऱ्यांचे सांगलीतले मित्र, बँकेतून निवृत्त झालेले काका. जून २०१८ची स्विफ्ट, व्हीएक्सआय पेट्रोल, एमएच-१०, एकच मालक, ३८ हजार किलोमीटर. ४ लाख ६० हजार म्हणतायत. परवा रविवारी जाऊन पाहिली. चकाचक आहे. सीटवर टॉवेलची कव्हरं, डॅशबोर्डवर गणपती, सायलेन्सरला हात लावला तरी काजळी नाही. काकूंनी पोहे केले, मग चहा, निघताना हातात भडंगाचं पाकीट.

आता एवढ्या पाहुणचारानंतर त्यांच्या गाडीखाली टॉर्च घेऊन वाकायचं कसं? सासरे म्हणाले, "घरातलीच गाडी समज." मी गुपचूप एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाकून पाहिला. मालक क्रमांक १, कर्जाचा बोजा नाही, विमा-पीयूसी चालू. जून २०२५च्या चालू पॉलिसीचा फोटो काकांनी आपणहून पाठवला, त्यात नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ५० टक्के. म्हणजे गाडीला कधी काही झालेलं नाही, बरोबर ना? शनिवारी दहा हजार टोकन द्यायचं ठरलंय.

वंगण
चिंचवडला गॅरेज आहे माझं, बावीस वर्षं झाली. टोकन थांबवा.

गाडी सकाळी बघा आणि बॉनेटला हात लावून गार आहे याची खात्री करा. तुम्ही पोचायच्या आधीच सुरू करून गरम केली असेल तर सुरुवातीचा धूर आणि टॅपेटचा आवाज कळत नाही. बॉनेट उघडलं की इंजिनाकडे नंतर बघा, आधी फेंडरचे, म्हणजे पुढच्या चाकांवरच्या पत्र्याचे, बोल्ट बघा. कंपनीतून आलेल्या बोल्टवर बॉडीचाच रंग असतो. पाना लागला की कडांचा रंग उडतो, तो लपत नाही. एका बाजूचे बोल्ट सोललेले आणि दुसऱ्या बाजूचे कोरे, म्हणजे त्या बाजूने ठोकली होती.

मग काचा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कंपनीचा शिक्का आणि वर्षाची खूण असते. पाच काचा २०१८च्या आणि एक २०२१ची असेल तर का बदलली ते विचारा. दगडाने फुटली असेल तर ठीक. दाराची काच आणि त्याच बाजूचे बोल्ट दोन्ही बोलायला लागले तर मी पुढे बघत नाही. टायरवर चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८चा तेविसावा आठवडा. ३८ हजाराच्या गाडीला मूळ टायर निघू शकतात. टायर दुसऱ्यांदा बदललेले आणि ब्रेकच्या पायडलचं रबर गुळगुळीत असेल तर ३८ हजार हा आकडा मीटरचा आहे, गाडीचा नाही.

सीटबेल्टच्या तळाशी शिवलेली पट्टी असते, त्यावरही तारीख असते. लोक काचा बघतात, ही कोणी बघत नाही.

घाटरस्ता
एवढी पोलिसी चौकशी करायची तर नवीन घ्या ना! वीस वर्षांत तीन जुन्या गाड्या घेतल्या, तिन्ही ओळखीतून, एकदाही बोल्ट बघितला नाही. माणूस बघून गाडी घ्यावी.

वंगण
@घाटरस्ता, तुमच्यासारख्यांमुळेच माझ्या मुलांची फी भरली जाते. राग नसावा.

हिशेबनीस
विम्याच्या धंद्यात आयुष्य गेलं म्हणून फक्त बोनसबद्दल लिहितो, कारण धागाकर्ता तिथेच फसतोय.

बोनसची शिडी अशी: क्लेम नसलेल्या पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्याला ५०. पुढे कितीही वर्षं क्लेम नसला तरी ५०च. एक क्लेम घेतला की शून्यावर, आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून.

आता बोटं मोजा. चालू पॉलिसी जून २०२५ची, बोनस ५०. म्हणजे जून २०२० ते जून २०२५ ही पाच वर्षं क्लेम नाही. गाडी जून २०१८ची. पहिल्या दोन वर्षांबद्दल हा कागद गप्प आहे. पहिल्या वर्षी ठोकली असती तरी आज ५०च दिसले असते.

शिवाय बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. जुन्या गाडीवरचा बोनस नव्या गाडीवर आणता येतो. आणि बोनस वाचवणारं अ‍ॅड-ऑन घेतलं असेल तर क्लेम करूनही तो टिकतो. तेव्हा ५० टक्के म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे. सगळ्या वर्षांच्या पॉलिस्या मागा आणि बोनसचा रकाना वर्षवार एकाखाली एक लिहा. कुठे आकडा खाली पडला की त्याच्या आदल्या बारा महिन्यांत काय झालं ते विचारायचं.

जाता जाता: हा बोनस तुम्हाला मिळणार नाही. गाडी नावावर झाली की पॉलिसी तुमच्या नावावर करताना फरकाचे पैसे विमा कंपनी तुमच्याकडून घेईल. सौदा करताना ते धरा.

अर्धाकप
बाप रे. हे डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद हिशेबनीस. पण सात वर्षांच्या पॉलिस्या मागायच्या म्हणजे काकांना वाटणार, जावई आपल्यावर संशय घेतोय.

सुमेधा_वाशिष्ठी
मी चिपळूणची. एमएच-१० आणि २०१८ हे दोन शब्द वाचले आणि लिहायला बसले. ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीत काय झालं होतं ते आठवतंय ना? आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. त्या वेळी ही गाडी कुठे उभी होती, एवढा एकच प्रश्न विचारा.

आमच्याकडे पूर २२ जुलै २०२१ला आला. आमची गाडी छपरापर्यंत पाण्यात. पाणी उतरल्यावर दार उघडलं तर गिअरच्या खाचेत गाळ, साबणासारखा बारीक. दिरांची गाडी चढावर होती, सीटपर्यंत भिजली, ती दुरुस्त करून घेतली. तिचं सांगते. वरून बघाल तर नव्यासारखी. पण सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटच्या वीतभर पट्ट्यापर्यंत ओढला की चहाच्या रंगाची आडवी रेघ दिसायची. सीट पुढे सरकवून खालच्या पट्ट्यांना बोट लावलं की गंज हाताला. स्टेपनीच्या खळग्यात, जॅकच्या क्लिपमागे, सुकलेला गाळ दोन वर्षांनीसुद्धा निघाला. आणि वास. उन्हाळाभर काही नाही, पहिल्या पावसात एसी लावला की बंद पेटीतल्या गोधडीचा कुबट वास. गाडीत एकाऐवजी तीन परफ्यूम लटकत असतील तर आधी ते खाली उतरवा आणि काचा बंद करून पाच मिनिटं बसा.

दीड वर्षाने एक दिवस पावसात मागच्या काचा आपोआप खाली व्हायला लागल्या. वायरिंगच्या जोडण्या आतून हिरव्या पडल्या होत्या. पाणी गेलं तरी तांबं विसरत नाही.

सुमेधा_वाशिष्ठी
आमच्या स्वतःच्या गाडीचं राहिलंच. तिची दुरुस्ती आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांच्या वर जात होती म्हणून टोटल लॉस धरली. पैसे मिळाले, सांगाडा कोणीतरी नेला, मी सुटले. पुढच्या वर्षी मोबाईलवर ई-चलान, सीटबेल्ट न लावल्याचं, ठिकाण नाशिकजवळ. फोटो उघडला तर आमचीच गाडी. मागच्या काचेवर लेकीने चिकटवलेलं फुलपाखरू तसंच. छपरापर्यंत बुडालेली गाडी रस्त्यावर धावत होती आणि आरसी माझ्या नावावर.

आरटीओवारी
@सुमेधाताई, चलानावर थांबलं हे नशीब. अपघात झाला असता तर भरपाईचा दावा तुमच्यावरही आला असता. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात स्पष्ट सांगितलंय की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, मधे गाडी चार जणांनी विकत घेतलेली असली तरी. म्हणून विकणाऱ्यानेही जागं राहावं.

धागाकर्त्यासाठी: फॉर्म २९ (विकणाऱ्याचा), फॉर्म ३० (दोघांचा), बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. परराज्यातली असेल तर फॉर्म २८. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत नावावर करायला टाकायची. विमा कंपनीलाही १४ दिवसांत. कोऱ्या २९-३०वर सह्या घेऊन "करू सावकाश" म्हणणारा एजंट दिसला की उठून या.

चासी नंबर आरसीवरून वाचू नका, गाडीवरून वाचा आणि मग आरसीशी जुळवा. पेन्सिलने कागदावर घासून छाप घ्या. भोवतीचा रंग वेगळा किंवा आकडे एका ओळीत नसतील तर विषय संपला. टोटल लॉस गाडीची ओळख चोरीच्या गाडीला चढवतात, ते इथेच पकडलं जातं. चोरीची आहे का हे एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) 'वाहन समन्वय'वर कोणालाही पाहता येतं.

आणि एप्रिल २०१९च्या आधीची गाडी आहे, हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागली आहे का? नसेल तर ७४५ रुपये अधिक जीएसटी काकांकडून. तेवढं तरी घासाघीस करा!

मांडवीकाठ
अवांतर, पण गोव्याच्या गाड्यांचंही बघत जा. इथे पर्यटकांना भाड्याने द्यायच्या गाड्यांना काळी पाटी, पिवळी अक्षरं. दोन-तीन वर्षं रोज नवा ड्रायव्हर, क्लचची वाट. मग खाजगी करून विकतात. आता पांढरी पाटी आहे म्हणून आधीही होती असं नसतं. आरसीचा जुना इतिहास विचारा.

लेस्टरवाला
आमच्याकडे इंग्लंडमध्ये हे काम फार सोपं. गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी तपासणी सक्तीची, आणि प्रत्येक तपासणीत मीटरचा आकडा नोंदला जातो. सरकारी संकेतस्थळावर नुसता नंबर टाकला की कुठल्या वर्षी किती मैल आणि कशात नापास, सगळं फुकट दिसतं. मी इथे पहिली गाडी घेतली तेव्हा एका वर्षी ७१ हजार मैल आणि पुढच्या वर्षी ५४ हजार दिसले. विकणारा म्हणाला, "टायपिंगची चूक असेल." मी म्हणालो, "असेल," आणि बस पकडली.

घाटरस्ता
इथे पीयूसी केंद्रावर गाडी न नेता पीयूसी मिळते आणि तुम्ही एमओटी सांगताय.

लेस्टरवाला
+१. तेही खरंच.

वंगण
आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारी गोष्ट एकच, अधिकृत सर्व्हिस सेंटरची नोंद. प्रत्येक वेळी किलोमीटर लिहिलेले असतात आणि कुठला पार्ट बदलला तेही. मालकाने सांगितलं तर छापून देतात. त्यात तारखांमधली भगदाडं बघा. दर सहा-आठ महिन्यांनी येणारी गाडी मधेच दोन महिने आतच बसून होती, तर का?

अर्धाकप
सगळं पटतंय हो. पण प्रश्न तिथेच आहे. मागू कसं? बायको म्हणते, बाबांना वाईट वाटेल.

नानाभाऊ
सोपं आहे. बँकेवर ढकला. "काका, कर्जासाठी बँक जुन्या पॉलिस्या मागते" म्हणायचं. मेकॅनिकला मित्र म्हणून न्यायचं. भीड भिकेची बहीण, पण तिला मागच्या दाराने टाळता येतं.

निळीछत्री
नानाभाऊ, खोटं कशाला? काका बँकेत होते ना? उभ्या नोकरीत कागद न बघता कोणाला कर्ज दिलंय का त्यांनी? सरळ विचारा, "काका, तुम्ही माझ्या जागी असता तर कुठले कागद मागितले असते?" बँकवाल्याला याच्याइतका मान दुसरा कुठला?

नानाभाऊ
हे भारी आहे. शब्द मागे.

अर्धाकप
अपडेट. उशीर झाला, कारण लिहायचं कसं ते सुचत नव्हतं.

टोकन पुढे ढकललं आणि शनिवारी परत सांगलीला गेलो, एका मेकॅनिकला घेऊन. निळीछत्रींचं वाक्य जसंच्या तसं वापरलं. काकांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. आतून बॉक्स फाईल आणली. पंच करून, वर्षवार, मधे रंगीत कागद घालून, २०१८पासूनची प्रत्येक पावती. पंक्चरचीसुद्धा.

टेबलावर पॉलिस्या मांडल्या. जून २०१९: २० टक्के. जून २०२०: शून्य.

काकांनी चष्मा काढून पुसला, परत बघितलं. "छापायची चूक असेल," म्हणाले. मग २०२१ काढली. २० टक्के. शिडी परत पहिल्या पायरीवर. तोवर मेकॅनिकने मागचा सीटबेल्ट तळापर्यंत ओढला होता. रेघ वगैरे काही नाही, स्वच्छ. पण पट्टीवर तारीख सप्टेंबर २०१९. गाडी २०१८ची, पट्टे पुराच्या पुढच्या महिन्याचे. फ्यूज बॉक्सच्या खालच्या जोडण्यांवर हिरवट पावडर.

काकांनी तिथल्या तिथे मुलाला फोन लावला, स्पीकरवर. ऑगस्ट २०१९मध्ये काका-काकू लेकीकडे बंगळूरला होते. गाडी मुलाकडे, आणि मुलगा मित्राकडे, नदीकाठच्या गावभागात. पाणी सीटच्या वर. मुलाने क्लेम केला, गाडी दुरुस्त झाली आणि वडिलांना सांगितलं, "मोठं सर्व्हिसिंग करून घेतलंय." क्लेमच्या फॉर्मवर सही काकांचीच होती. कशावर केली ते त्यांना आठवेना. बँकेतला माणूस, आणि घरच्यांनी पुढे केलेल्या कागदावर न वाचता सही.

काकू पोहे घेऊन आल्या तेव्हा खोलीत कोणीच बोलत नव्हतं.

हिशेबनीस
छापायची चूक २०२१च्या पॉलिसीत परत झाली नसती. काकांबद्दल वाईट वाटलं.

घाटरस्ता
माझे बोल्टबद्दलचे शब्द परत घेतो. परवा माझ्या गाडीचे सीटबेल्ट ओढून बघितले. काय दिसलं ते सांगत नाही.

अर्धाकप
निघताना काका म्हणाले, "तीन लाखांत घेऊन जा, मला आता कोणाला तोंड दाखवायचं नाही." मोह झाला, खोटं कशाला बोलू? दीड लाखापेक्षा जास्त फरक. @वंगण, काय म्हणता?

वंगण
इंजिन चांगलं असेल. पण पाण्यात गेलेल्या वायरिंगचं बिल आज येत नाही, दर पावसाळ्यात हप्त्याने येतं. एअरबॅगही वायरिंगवरच चालतात. एकटे असता तर म्हटलं असतं, घ्या आणि हजार दोन हजार खर्चत चालवा. घरात आठ महिन्यांचं बाळ आहे. मी माझ्या लेकीला दिली नसती.

सुमेधा_वाशिष्ठी
नका घेऊ.

अर्धाकप
नाही घेतली. सासरे दहा दिवस नीट बोलले नाहीत. मग एका रात्री त्यांनीच विचारलं, "तो बोनसचा रकाना नेमका कुठे असतो रे?" त्यांच्या स्वतःच्या गाडीची पॉलिसी हातात होती.

महिनाभराने निगडीत एका अनोळखी बाईंकडून २०१७ची वॅगनआर घेतली, ३ लाख २० हजार. ६१ हजार किलोमीटर, डाव्या दारावर लांबलचक ओरखडा, तो त्यांनी आधीच दाखवला. "माझ्याच सोसायटीच्या गेटवर मी घासली," म्हणाल्या. क्लेम केला नव्हता, पहिल्यापासूनच्या सगळ्या पॉलिस्या दिल्या, शिडी सरळ. चासीचा छाप घेतला, सर्व्हिसची यादी जुळली. तीन हजारांची दोन चलानं होती, ती त्यांनी माझ्यासमोर भरली. २९-३०वर सह्या त्याच दिवशी, विमा कंपनीला कळवलं, बोनसच्या फरकाचे पैसे भरले. नवीन आरसी अठराव्या दिवशी पोस्टाने.

आरटीओवारी
अठरा दिवस! पेढे द्या. फास्टॅग बदललात ना?

अर्धाकप
तेच तर! दिवाळीत त्याच गाडीने सांगलीला निघालो, काकांकडेच. खेड शिवापूरचा नाका सुळकन पार. दोन मिनिटांत निगडीहून फोन: "अहो, तुम्ही कुठे निघालात आत्ता?" पैसे बाईंच्या खात्यातून गेले होते. ताबडतोब पाठवले. पुढच्या नाक्याला काचेवरचा टॅग नखाने खरवडत रांगेत थांबलो होतो, मागचा ट्रकवाला हॉर्न देत होता.